शनिवारची पुनव

मार्च उजाडला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी मला तोच प्रश्न विचारतं. "मॅडम, तुमच्या देवाचा जन्म पंचवीस डिसेंबर, पक्का. मग मरण दर साली वेगळ्या तारखेला कसं?" विचारणारा दर वर्षी वेगळा असतो आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. लातुरात नोकरीला लागले तेव्हा मी हौसेनं समजावून सांगायचे, फळ्यावर चंद्रबिंद्र काढून. आता एवढंच म्हणते, "जन्म तारखेनं, मरण तिथीनं." तेवढ्यावर भागतं. तारीख का तिथी हा वाद आपल्याकडं कुणाला शिकवावा लागत नाही.

यंदा मात्र तेवढंही बोलायचं जिवावर आलं, कारण याच तारखेवरून माझं आणि आप्पांचं पंधरा दिवस वाजत होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. मुखेडच्या मंडळीचे उपदेशक होते. पाळक गावात राहून चर्चची उपासना चालवतात; उपदेशकानं सायकल काढायची आणि खेडी फिरायची. मुखेडपासून कंधारच्या बाजूपर्यंत जिथं जिथं आमची चार-दोन घरं होती, तिथं आप्पा जायचे. प्रार्थना घ्यायचे, आजाऱ्याजवळ बसायचे, कुणाचं भांडण असलं तर मिटवायचे, आणि पुढचा सण कधी येतो ते सांगायचे. हे शेवटचं काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं.

ईस्टरचा नियम तोंडानं सांगायला सोपा आहे. वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस चर्चनं फार पूर्वीच एकवीस मार्च असा धरून टाकला. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, आणि त्या पौर्णिमेच्या पुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. म्हणून ईस्टर कधी मार्चच्या शेवटी येतो, कधी एप्रिल संपत आल्यावर. आणि तो एकटा हलत नाही. आधीचा राखेचा बुधवार, तिथून सुरू होणारा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, नंतरचं स्वर्गारोहण, पन्नासावा दिवस, सगळे त्याला बांधलेले. खुंटी सरकली की दावणीची सगळी जनावरं सरकतात, असं आप्पा सांगायचे.

पण खेड्यातली आमची माणसं मजुरीला जाणारी. भिंतीवर कॅलेंडर असलेलं घर एखादंच. चर्चचं पत्रक त्यांच्यापर्यंत पोचायचं ते सण होऊन गेल्यावर. मारुतीचं देऊळ मात्र गावोगाव होतं, आणि हनुमान जयंती चैत्राच्या पुनवेला. आप्पांनी त्यातून आपला नियम बसवला. मारुतीच्या पारावर सुंठवडा वाटला की त्याच्या पुढचा ऐतवार आपला. त्याला दोन पोटनियम. होळीचीच पुनव एकवीस मार्चच्या पुढं गेली, तर मारुतीची वाट बघायची नाही, होळीनंतरच्या रविवारी ईस्टर. आणि पुनव रविवारीच आली, तर तो रविवार सोडून पुढचा. रविवारच्या शाळेत त्यांनी हे आम्हा पोरांकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. ज्या वर्षी ईस्टर होळीनंतर लगेच यायचा, त्या वर्षी देवळाचे पुजारी आप्पांना रस्त्यात गाठून म्हणायचे, "काय उपदेशक, यंदा आमच्या आधीच उरकलं का?" आणि आप्पा अधिक महिन्याला दोष द्यायचे.

ईस्टरच्या पहाटे आमच्यात कबरस्तानात जातात. आदल्या दिवशी आपापल्या माणसाची कबर झाडायची, चुना मारायचा, झेंडू ठेवायचा. पहाटे मेणबत्त्या लावून सगळी मंडळी उभी राहते. फटफटलं की पाळक म्हणतात, "प्रभू उठला आहे," आणि सगळे उत्तर देतात, "खरोखर उठला आहे." माझी आई तिथंच आहे. ती पावसाळ्यात गेली, पण तिच्या मरणाची तारीख आप्पांना विचाराल तर अडखळतील. त्यांच्या लेखी तिचा दिवस म्हणजे ईस्टरची पहाट. ती गेल्यापासून त्यांचं अख्खं वर्ष त्या पहाटेकडं तोंड करून असायचं.

यंदा मार्चच्या मध्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. मी त्यांना लातूरला आणलं, तपासण्या झाल्या, पुन्हा मुखेडला सोडलं, पुन्हा आणलं. महिनाअखेरीस डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, सोळा एप्रिल, बुधवार. मोठे सर्जन बाहेरून येतात आणि त्यांचे वार ठरलेले. ही तारीख सोडली तर पुढची महिन्यानं, आणि तेवढा उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणाले. या वयात भूल देण्यातही धोका आहे, हे त्यांनी आप्पांच्या समोरच सांगितलं. आप्पा मान हलवत ऐकत होते, दुसऱ्याच कुणाबद्दल चालल्यासारखे.

यंदाचा ईस्टर होता वीस तारखेला, ऑपरेशननंतरच्या रविवारी. मी ते आधी ध्यानातच घेतलं नव्हतं. वार्षिक परीक्षा, रजेचा अर्ज, पुण्यातल्या भावाला कळवणं, यात तारीख मिळाली हेच मोठं वाटलं. कळलं तेव्हा मी आप्पांना फोन केला आणि जमेल तेवढ्या नरमाईनं सांगितलं, की यंदा तुम्हाला कबरस्तानात जाता यायचं नाही, तुमच्या वाटचा भाऊ जाऊन येईल.

"कामून जमायचं न्हाई?" आप्पा म्हणाले. "तेराला हाय ईस्टर. बुधवारच्या आधी."

"आप्पा, वीसला."

"मारुतीची जयंती कवा हाय? शनवारी, बाराला. पुढला ऐतवार कोन्ता? तेरा."

"कॅलेंडरवर वीस तारखेखाली छापलंय ना."

"छापनाऱ्याला काय ठाव आपलं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. ऐंशीच्या घरातला माणूस, एखादा हिशेब हुकायचाच. पण आप्पांनी तो हिशेब सोडला नाही. मी दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची, गोळ्या घेतल्या का, जेवण जातंय का विचारायची, आणि बोलणं फिरून फिरून पुनवेवर यायचं. पुनव शनवारी, ईस्टर ऐतवारी. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, मोबाईलवर बघ की. एका मिनिटात कळतं."

"मला माहितीय रे वीस. तू सांग त्यांना."

"तूच सांग. तू जवळ आहेस."

जवळ म्हणजे लातूरहून शिरूर ताजबंद, तिथं गाडी बदलायची, आणि एप्रिलच्या उन्हात पुढं मुखेड. पण भावंडांत एकदा का कुणी जवळचं ठरलं, की ते मरेपर्यंत जवळचंच राहतं.

हनुमान जयंतीच्या शनिवारी मी आप्पांना न्यायला मुखेडला गेले. सोमवारी चौदा एप्रिलच्या मिरवणुका, रस्ते बंद, गाड्यांना गर्दी. म्हणून रविवारी दुपारीच त्यांना लातूरला आणायचं, मंगळवारी दवाखान्यात भरती करायचं, असं ठरलं होतं. पिशवीत तपासायचे पेपर होते. स्टँडवर उतरले तर मारुतीच्या देवळातला भोंगा चालू होता आणि ऊन असं की चपलेतून भाजत होतं.

आप्पा अंगणात बसले होते. पुढ्यात बादली, बादलीत भिजवलेला चुना.

"सकाळीच भिजू घातला," ते म्हणाले. "तुला मारावा लागंल. मला वाकता येत न्हाई."

मला राग आला, हे लपवून काय करायचं? शाळेच्या परीक्षा, नवऱ्याची शुगर, घरात दिवसाआड येणारं नळाचं पाणी, हे सगळं मागं टाकून मी आले होते, आणि इथं चुना. मी बादली उचलून मोरीत नेऊन ठेवली. आप्पा नुसते बघत राहिले. मी पाणी प्याले, तोंड धुतलं आणि आमच्या पाळकांना फोन लावला. म्हटलं, तुम्हीच या आणि समजावा.

पाळक वयानं माझ्या भाच्याएवढे. नगरकडचे, शिकलेले, बोलायला मऊ. संध्याकाळी मोटारसायकलला शिंदीच्या झावळ्या बांधूनच आले. झावळ्यांच्या रविवारी प्रभू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून आमच्याकडं हातात झावळी घेऊन चर्चमध्ये जातात. खजूर इथं कुठला, म्हणून शिंदी. झावळ्या ओसरीवर टेकवून पाळक आप्पांच्या खाटेजवळ बसले.

"सलाम, बाबा. उद्या झावळ्यांचा रविवार आहे. ईस्टर पुढच्या रविवारी."

"पुनव कवा हाय, पाळकसाहेब?"

"आज."

"मंग उद्या काय हाय?"

पाळकांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "बारा तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात बघा. पौर्णिमा संपते ती उद्या पहाटे, उजाडायच्या आत. म्हणजे चंद्र पुरता भरतो तो उद्या. सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असं पंचांग धरतं, म्हणून पुनव शनिवारच्या नावावर गेली. पण तेही राहू द्या. चर्च मुळात आकाशातला चंद्र बघतच नाही, बाबा. जुने तक्ते आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला पौर्णिमा धरायची, ते त्यात आधीच मांडून ठेवलंय. त्या तक्त्यात यंदाची पौर्णिमा आहे तेरा तारखेला, रविवारी. आणि पौर्णिमा रविवारी आली की..."

ते थांबले. आप्पांनी ते वाक्य पुरं करावं, अशी त्यांची अपेक्षा होती. शेवटी मीच म्हटलं, "तो रविवार सोडून पुढचा."

"तक्त्यातला चंद्र," आप्पा म्हणाले. "म्या जनमभर लोकायला आभाळातला दावला."

"बहुतेक वर्षी दोन्ही जमतात, बाबा. यंदा जमले नाहीत."

"मंग आभाळातला चुकला म्हना की."

पाळक हसले, पण सोडणारे नव्हते. "बरं, उपवासकाळ कधीपासून धरलात?"

"राखेच्या बुधवारपासून."

"आमच्याबरोबरच ना? मीच तुमच्या कपाळाला राख लावली. तेव्हापासून चहा सोडलाय तुम्ही. उद्या ईस्टर असता तर राखेचा बुधवार आठवडाभर आधी यायला हवा होता. तुमचा उपवासकाळ तर एक आठवडा कमी भरतोय. तुम्ही आम्हाला शिकवणारे. हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

आप्पा झावळ्यांकडं बघत बसले. मला वाटलं, संपलं, आता जेवायला वाढावं. पाळकांनी मोबाईल काढला.

"आता हे सांगा, खेड्यांत कुणाकुणाला तेरा तारीख कळवलीय? आत्ताच फोन करून टाकतो. म्हातारी माणसं उगाच उद्या पहाटे येऊन बसायची."

"कुनालाच न्हाई."

"कुणालाच नाही?"

"न्हाई. त्यायचा वीसलाच हाय," आप्पा म्हणाले.

मी आत जायला निघाले होते, ती चौकटीत थांबले. सायकल सुटली तरी आप्पांनी तारखा कळवायचं सोडलं नव्हतं. आधी एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप जायचे, मग फोन आले. होळी झाली की त्यांचा फोन चालू व्हायचा, या वाडीला सांग, त्या तांड्यावर सांग. आणि यंदाची ही तारीख, जिच्यासाठी ते माझ्याशी पंधरा दिवस भांडले, ती त्यांनी एकाही माणसाला दिली नव्हती. बाकी सगळ्यांना वीस, आपल्या एकट्याला तेरा. त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. बुधवारच्या आधी एकच रविवार उरला होता आणि त्यांना तो पाहिजे होता. ऑपरेशनच्या टेबलावरून आपण उठू की नाही, याची त्यांना भीती वाटत होती, आणि ते म्हणता येत नव्हतं म्हणून ते चंद्रावर बोलत होते.

मला आधी पुन्हा रागच आला. एवढं एक वाक्य बोलले असते तर पंधरा दिवसांचा जाच वाचला असता. मग वाटलं, बोलले असते तर मी तरी काय केलं असतं? "काही होत नाही, आप्पा," म्हणाले असते आणि विषय बदलला असता. दवाखान्यात तेच तर करत होते.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "कबरस्तानाची चावी द्याल का, सकाळपुरती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. समजले असावेत. जुडग्यातली चावी सोडवून त्यांनी माझ्या हातात दिली. "झावळ्यांच्या रविवारी कबरीवर जाऊ नये, असं काही कुठं लिहिलेलं नाही," असं ते आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मी मोटारसायकलपर्यंत पोचवायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "ताई, फक्त 'प्रभू उठला आहे' एवढं म्हणू नका. आठवडा बाकी आहे."

मी चुन्याची बादली मोरीतून परत आणली.

पहाटे रिक्षा सांगितली होती. कबरस्तान ओढ्याच्या पलीकडं, बाभळींत. फाटक उघडलं तेव्हा पश्चिमेला चंद्र खाली उतरलेला होता, काठोकाठ भरलेला. पाळक म्हणाले तसा तो नेमका त्याच घडीला पुरा होत असणार. आभाळातला आणि तक्त्यातला, दोन्ही तेवढ्यापुरते एक झाले होते. आप्पांना प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि मी कामाला लागले. आधी काटेरी पाला काढला, मग झाडलं, मग चुना. वाकून वाकून कंबरेचा पार खुळखुळा झाला आणि चुन्यानं बोटं झोंबायला लागली. आजूबाजूच्या कबरी मागच्या वर्षीच्या चुन्यानं मळकट पडलेल्या, आणि त्यांत आईची एकटीच पांढरीफेक.

उजाडलं. मेणबत्ती लावली. आता आप्पा काय म्हणतात, याचीच मला धास्ती होती. त्यांनी ते वाक्य म्हटलं तर उत्तर द्यायचं की गप्प बसायचं, हे माझं ठरलं नव्हतं. पण ते काहीच म्हणाले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसून राहिले. गाणं नाही, प्रार्थना असेल तर मनातल्या मनात. सूर्य बाभळींच्या वर आला तेव्हा मी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यापुढं धरला.

"घ्या. सुटला तुमचा उपवास."

त्यांनी झाकण हातात घेतलं, वास घेतला आणि मला परत दिलं. "आपला ऐतवार यायचाय की अजून, माय."

मी आईच्या कबरीच्या कडेला, जिथं चुना मारला नव्हता तिथं, बसून घेतलं.

"म्या येडा न्हाई झालो," आप्पा म्हणाले. "वीसच हाय. मला ठाव हाय."

"काल कळलं मला."

"हिला सांगायचं व्हतं. वीसला समदे येतेत, मेनबत्त्या लावतेत, अन् आपलंच मानूस न्हाई म्हनल्यावर ती वाट बघत बसंल. सांगून टाकलं."

"आप्पा, भीती वाटते?"

"वाटती," ते म्हणाले. "लई वाटती."

मी 'काही होत नाही' म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. त्यांचा चहा मी प्याले, गार झाला होता. मग रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. नऊ वाजता आप्पा झावळी हातात घेऊन चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते, सगळ्यांसारखे. कुणी विचारलं तर, "यंदा ईस्टरला न्हाई मी, दवाखान्यात हाय," एवढं सांगत होते.

मंगळवारी भाऊ आला. बुधवारी ऑपरेशन झालं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आप्पा टेबलावरून उठले. संध्याकाळी डोळे उघडले आणि भावाला ओळखलं. मी देवाचे आभार मानले आणि बसल्या जागी मला झोप लागली.

शुक्रवारी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. गाठ काढली होती, पण आत इतर ठिकाणी पसरलेलं दिसलं, ते सगळं काढण्यासारखं नव्हतं. जखम भरेल, घरी नेता येईल. त्यापुढं? डॉक्टर चांगले होते, त्यांनी फिरवाफिरवी केली नाही. "दिवाळी बघतील," म्हणाले, "असं धरून चला. त्याच्या पुढचं मी काही सांगणार नाही."

"आप्पांना सांगायचं?" भावानं बाहेर आल्यावर विचारलं.

"सांगायला पाहिजे."

"तूच सांग, आक्का," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, म्हणून मी 'बरं' म्हटलं. शनिवारी तो मुखेडला गेला, कबरस्तानात आप्पांच्या जागी उभं राहायला.

रविवारी सकाळी मी वॉर्डात होते. स्टुलावर बसून पाठ धरली होती, केस विंचरले नव्हते, अंगाला दवाखान्याचा वास येत होता. आज ईस्टर आहे असं माझ्या अंगात कुठंच वाटत नव्हतं. आया फरशी पुसून गेली. खिडकीत उजेड आला तसे आप्पा जागे झाले.

"आज ऐतवार न्हव?"

"हो, आप्पा."

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढला. मी अडवायला उठले, पण त्यांनी हात वर केला. उपासना घ्यायचे तेव्हाच्या भाषेत, एकेक शब्द सुटा, ते म्हणाले, "प्रभू उठला आहे."

"खरोखर उठला आहे," मी म्हटलं. त्यांच्या आवाजापेक्षा माझाच आवाज बारीक निघाला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि परत भिंतीकडं तोंड केलं.

मी मास्क नीट बसवला. आत्ताच सांगावं, असं माझ्या मनात आलं. कबरीपाशी त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. आता माझी पाळी होती. मी स्टूल जवळ ओढलं, त्यांचा हात हातात घेतला.

"आप्पा," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. वाट बघत होते.

"पुढच्या वर्षी पाच एप्रिलला आहे," मी म्हटलं. "ईस्टर. मोबाईलवर बघितलं मी."

सांगायचं होतं ते राहूनच गेलं आणि तोंडातून चंद्र बाहेर पडला. माझं मलाच कळलं, की पंधरा दिवस ते जे करत होते तेच मी आता करते आहे. आप्पांनाही ते कळलं. माझ्या तोंडाकडं त्यांनी नीट बघितलं, बोटांनी माझा हात थोडा दाबला, आणि मास्कच्या आतून विचारलं, "पुनव कवा?"

"गुरुवारी."

"मंग भांडान न्हाई. आभाळातला अन् तक्त्यातला येकच."

"हो, एकच."

"अन् होळी?"

"मार्च लागल्या लागल्या."

"मंग ती धरायची न्हाई," आप्पा म्हणाले. "मारुतीचीच धरायची."

"हो, आप्पा," मी म्हटलं. "मारुतीचीच धरू."